लेख एक, कप्पे अनेक

मासिकाचा अंक नुकताच हाती आलेला असतो तेव्हा त्यातला लेख शोधावा लागत नाही. अनुक्रमणिका पाहिली, पान उलटले, लेख सापडला. अडचण सुरू होते ती अंक कपाटात गेल्यावर. दरमहा १० लेख धरले तर वर्षाचे १२० लेख होतात आणि २५ वर्षांचे ३,०००. त्यांत माठातले पाणी गार का होते यावर एक चांगला लेख होता, एवढे शिक्षकांना आठवते; कोणत्या वर्षीच्या कोणत्या अंकात, हे आठवत नाही. लेख उद्याच्या तासाला हवा असतो आणि गठ्ठे उपसायला वेळ नसतो. न सापडणारा लेख आणि न लिहिलेला लेख यांत त्या शिक्षकापुरता काहीच फरक उरत नाही.

मासिके संगणकावर आली तेव्हा ही अडचण दूर होईल, अशी अपेक्षा होती. ती पुरती फळाला आली नाही. बऱ्याच संकेतस्थळांवर जुना लेख शोधताना आजही कपाटापुढे बसल्यासारखीच गत होते. हा दोष संगणकाचा नव्हे. लेख कोणत्या कप्प्यात ठेवावा, याविषयी जो विचार झाला किंवा झाला नाही, त्याचा हा दोष आहे. ऑनलाइन मासिके चालवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या तीन प्रणाली आम्ही येथे तपासणार आहोत: जूमला, वर्डप्रेस आणि ओपन जर्नल सिस्टिम्स. तिन्ही विनामूल्य मिळतात, त्यामुळे एखादी शाळा किंवा लहान मासिकही त्या वापरू शकते. आमची कसोटी एकच आहे: तासाला जाण्यापूर्वी हाती पंधरा मिनिटे असलेल्या शिक्षकाला हवा तो लेख मिळतो का?

लेख वेगळा, पान वेगळे

प्रथम एक मूलभूत गोष्ट स्पष्ट करायला हवी. छापील अंकात मजकूर आणि त्याची जागा एकमेकांना चिकटलेली असतात. पान ३२ वरचा लेख पान ३२ वरच राहतो. प्रकाशन-प्रणालीत तसे नसते. तेथे लेख एखाद्या मोठ्या नोंदवहीतल्या नोंदीसारखा साठवलेला असतो. शीर्षक, लेखक, तारीख, मजकूर असे त्याचे वेगवेगळे रकाने असतात. वाचकाने मागणी केली की प्रणाली त्या रकान्यांतून माहिती उचलते आणि त्या क्षणी पान तयार करून दाखवते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एकच लेख, त्याची दुसरी प्रत न काढता, दहा वेगवेगळ्या याद्यांत दाखवता येतो. ग्रंथालयातले पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहू शकते. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये जी दशमान पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येक पुस्तकाला एकच क्रमांक मिळण्यामागे हे साधे भौतिक कारणही होते. संगणकावर ते बंधन उरत नाही. तरीही प्रणाली रचणाऱ्यांनी आरंभी ते बंधन आपणहून पाळले. आमच्या टीकेचा मुख्य रोख यावर आहे.

जूमला: दोन पायऱ्यांची शिडी

जूमला ही प्रणाली २००५ मध्ये ‘माम्बो’ या आधीच्या प्रणालीपासून वेगळी झाली. ‘सगळे मिळून’ अशा अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून तिचे नाव घेतले आहे. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मजकुराची मांडणी ठरावीक होती: वर सेक्शन, त्याच्या आत कॅटेगरी आणि कॅटेगरीच्या आत लेख. पायऱ्या दोनच, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. एका लेखाला एकच कॅटेगरी. वृत्तपत्राच्या किंवा मासिकाच्या संपादकाला ही रचना ओळखीची वाटावी अशीच होती, कारण छापील अंकाची सदरे अशीच असतात.

माठावरचा आपला लेख या रचनेत ठेवून पाहू. सच्छिद्र माठातून पाणी पाझरते आणि पृष्ठभागावर त्याचे बाष्पीभवन होते. साधारण तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तिचा मोठा भाग माठातल्या पाण्याकडून घेतला जातो, म्हणून पाणी गार होते. आता हा लेख भौतिकशास्त्रात ठेवायचा, की ‘करून पाहा’ या सदरात? ‘घरातले विज्ञान’ या सदरात, की कुंभारकामाच्या माहितीबरोबर? चारही उत्तरे बरोबर आहेत. प्रणाली मात्र म्हणते, एकच निवडा. संपादक एक कप्पा निवडतो आणि उरलेल्या तीन वाटांनी येणाऱ्या वाचकांना लेख भेटत नाही.

याचे गणित वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी करून पाहण्यासारखे आहे. समजा, मासिकात ६ विषय आहेत आणि लेखांचे ४ प्रकार आहेत: प्रयोग, माहिती, चरित्र, कोडे. सेक्शन म्हणजे विषय आणि कॅटेगरी म्हणजे प्रकार असे ठरवले, तर ‘प्रयोग’ हा कप्पा सहा विषयांखाली सहा वेळा बनवावा लागतो. एकूण कप्पे २४. मासिकातले सगळे प्रयोग एकत्र पाहायचे असतील तर सहा ठिकाणी जावे लागते. त्यात पाचवी ते नववी अशा ५ इयत्ता मिळवल्या तर कप्पे १२० होतात, आणि दोन पायऱ्यांत ते बसतही नाहीत.

२०११ मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीत जूमलाने सेक्शन काढून टाकले आणि कॅटेगरीच्या आत हव्या तितक्या खोल कॅटेगऱ्या करण्याची सोय दिली. सुधारणा म्हणून तिचे कौतुक झाले. आमच्या मते रोग एक होता आणि औषध दुसऱ्याचे दिले गेले. शिडीला पायऱ्या कमी आहेत ही अडचण नव्हतीच. लेख एका वेळी एकाच पायरीवर उभा राहू शकतो, ही अडचण होती आणि ती तशीच राहिली. लेखाला अनेक टॅग लावण्याची सोय २०१३ मध्ये ३.१ या आवृत्तीत आली. संपादकाला स्वतःचे रकाने जोडण्याची सोय २०१७ मध्ये ३.७ या आवृत्तीत आली. खरा उपाय या दोन सोयींमध्ये होता.

गणिताच्या एका शिक्षकाचे उत्तर

या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या कितीतरी आधी भारतात शोधले गेले होते. शियाली रामामृत रंगनाथन हे मंगळूर आणि मद्रास येथे गणित शिकवत होते. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला पाठवले. तेथे एका दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. थोड्याच पट्ट्या, चाके आणि स्क्रू. पण त्यांच्या वेगवेगळ्या जोडण्यांतून असंख्य वस्तू तयार होत होत्या. विषयांचे वर्गीकरणही असेच का करू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातून १९३३ मध्ये त्यांची ‘कोलन क्लासिफिकेशन’ ही पद्धत प्रसिद्ध झाली. प्रत्येक विषयासाठी तयार कप्पा करून ठेवायचा नाही. विषयाचे पैलू वेगळे काढायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे, हे तिचे सूत्र आहे. हे पैलू त्यांनी व्यक्तिमत्त्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल अशा पाच मूळ गटांत बसवले.

आपल्या उदाहरणातले गणित या पद्धतीने पुन्हा मांडू. ६ विषय, ४ प्रकार, ५ इयत्ता. प्रत्येक लेखाला तिन्ही यादींतला एकेक शब्द लावायचा. बनवायचे शब्द ६ + ४ + ५ म्हणजे १५. त्यांतून होणाऱ्या जोडण्या ६ × ४ × ५ म्हणजे १२०. पंधरा शब्द सांभाळून १२० कप्प्यांचे काम होते. सगळे प्रयोग हवे असतील तर प्रकाराची यादी पाहावी, सातवीसाठीचे सगळे हवे असेल तर इयत्तेची. दोन्ही एकदम हवे असतील तर ‘सातवी’ आणि ‘प्रयोग’ अशा दोन अटी घालाव्यात. बेरजेच्या कष्टात गुणाकाराचे फळ मिळते.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांतला चौथा. पंधरा मिनिटे हाती असलेल्या आपल्या शिक्षकासाठी हाच नियम सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

वर्डप्रेस: मोकळीक आणि तिची किंमत

वर्डप्रेस २००३ मध्ये आले. त्यात एक लेख एकाहून अधिक कॅटेगऱ्यांत ठेवता येतो आणि २००७ च्या २.३ या आवृत्तीपासून टॅगही लावता येतात. २०१० च्या ३.० या आवृत्तीनंतर विषय, इयत्ता, प्रकार अशी स्वतःची वेगळी वर्गीकरणे करणे सोपे झाले. रंगनाथन यांच्या पैलूंची कल्पना राबवायला लागणारे सगळे सामान येथे आहे, हे मान्य करायलाच हवे.

तरीही वर्डप्रेसवरची पुष्कळ मासिके गोंधळलेली दिसतात. याची आम्हांला दोन कारणे दिसतात. पहिले म्हणजे ही प्रणाली मुळात रोजनिशीसारख्या लेखनासाठी बनली. सर्वांत नवे सर्वांत वर आणि एका पानावर १० लेख, ही तिची मूळ रीत आहे. ती न बदलता वापरली तर ३,००० लेखांची ३०० पाने होतात आणि पहिल्या वर्षीचे लेख २८८ पानांनंतर येतात. इतके मागे कोण जाणार? ‘अंक’ ही संकल्पना मूळ प्रणालीत नाहीच, ती वेगळी घडवावी लागते.

दुसरे कारण टॅगमध्ये आहे. टॅगवर कोणाचे बंधन नसते. एकजण ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहितो, दुसरा ‘प्रकाश संश्लेषण’ असे तोडून लिहितो, तिसरा ‘फोटोसिंथेसिस’. प्रणालीच्या दृष्टीने हे तीन वेगळे टॅग आहेत. तीन लेख तीन कप्प्यांत जातात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत.

मराठीत ही अडचण आणखी वाढते. आपल्या भाषेत विभक्ती लागताना शब्दाचे रूप बदलते. ‘पाणी’ या शब्दाचे ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ होते. अक्षरे जुळवून शोधणाऱ्या साध्या यंत्रणेला ‘पाणी’ दिले, तर ‘पाण्याचे बाष्पीभवन’ हे शीर्षक सापडत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. त्यातच कित्येक जुने अंक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत. असा अंक पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवला तर वाचता येतो, पण त्यातला शब्द शोधता येत नाही. संपूर्ण अंकाची एकच पीडीएफ ठेवणे म्हणजे कपाटाचे छायाचित्र टांगण्यासारखे आहे.

‘शोधाची चौकट दिली आहे, आणखी काय हवे?’ असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. इंग्रजीत केवळ शोधावर काही प्रमाणात भागते. मराठीत माणसाने विचारपूर्वक लावलेल्या ठरावीक शब्दांना पर्याय नाही. टॅगची यादी संपादकाने ठरवून द्यावी आणि लेखकाने त्यांतलाच शब्द निवडावा. नवा शब्द हवा असेल तर तो सर्वांसाठी एकदाच यादीत घालावा. नियतकालिकांची सूची करणारे जाणकार हे काम हाताने करीत आले आहेत. त्यांचे ज्ञान प्रणाली बसवणाऱ्यांनी घेतले असते तर बराच घोटाळा टळला असता.

अंक मोडावा का?

ओपन जर्नल सिस्टिम्स ही तिसरी प्रणाली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून पुढे आली. ती संशोधन-पत्रिकांसाठी बनलेली आहे. त्यामुळे येथे ‘अंक’ केंद्रस्थानी आहे. खंड, अंक, वर्ष आणि अनुक्रमणिका यांची शिस्त तिन्ही प्रणालींत येथेच सर्वांत चांगली आहे. प्रत्येक लेखाला एक सेक्शन द्यावा लागतो, पण येथे सेक्शनचा अर्थ निराळा आहे. या सेक्शनमधील लेख तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे की नाही, सारांश आवश्यक आहे की नाही, असे नियम सेक्शनला जोडलेले असतात. म्हणजे तो संपादकाच्या टेबलावरचा कप्पा आहे. वाचकाने त्याच्याकडून विषयाची वाट विचारली तर उत्तर मिळणार नाही. विषयवार कॅटेगऱ्यांची सोय पुढच्या आवृत्त्यांत आली, ते योग्यच झाले.

विषयवार मांडणीचे फायदे पाहून काहीजण म्हणतात, मग अंक हवाच कशाला? सगळे लेख सुटे करा. हे आम्हांला मान्य नाही. एक उदाहरण पुरे होईल. १९९८ मधल्या लेखात ग्रह नऊ असतील, कारण प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ऑगस्ट २००६ मध्ये प्राग येथे घेतला. २०१९ पूर्वीच्या लेखात किलोग्रॅमची व्याख्या फ्रान्समध्ये जपून ठेवलेल्या धातूच्या दट्ट्यावरून दिलेली असेल. २० मे २०१९ पासून ती प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. हे जुने लेख चुकीचे नाहीत, त्या त्या काळी ते बरोबर होते. पण अंक मोडून, तारीख लपवून तेच लेख ‘खगोलशास्त्र’ किंवा ‘मापन’ या कप्प्यात नव्या लेखांशेजारी ठेवले, तर विद्यार्थी नऊ ग्रह पाठ करून मोकळा होईल. विज्ञानाच्या मासिकात प्रसिद्धीची तारीख हा मजकुराचाच भाग असतो. रंगनाथन यांनी ‘काल’ हा पैलू ठेवला होता, तो उगाच नव्हे.

अंकाचा आणखी एक गुण आहे. माठाचा लेख शोधत आलेल्या वाचकाला त्याच अंकात वाळवीच्या वारुळातल्या हवेवरचा लेख दिसतो, जो त्याने कधी शोधला नसता. म्हणून अंक राहू द्यावा. तो लेखाकडे जाण्याची एकमेव वाट मात्र असू नये.

कप्पा बदलला तरी पत्ता बदलू नये

शेवटचा मुद्दा पत्त्याचा. संकेतस्थळावरच्या प्रत्येक लेखाला एक पत्ता असतो. जूमलाच्या रचनेत हा पत्ता पुष्कळदा वाचक ज्या मेनूतून लेखापर्यंत पोचतो त्यावरून तयार होतो. संपादकाने मेनूची फेरमांडणी केली की पत्ता बदलू शकतो, आणि दोन मेनूंतून गेले तर एकाच लेखाचे दोन पत्तेही दिसू शकतात. सुतार बदलला म्हणून घराचा क्रमांक बदलावा, तसा हा प्रकार आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते, की पत्त्यात विषयाचे नाव घालू नये, कारण वर्गीकरण काळानुसार बदलते. निर्मितीची तारीख बदलत नाही.

याचे परिणाम किरकोळ नाहीत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपल्या पाठ्यपुस्तकांत आता क्यूआर कोड छापलेले असतात, शिक्षक टाचणवहीत लेखाचा पत्ता लिहून ठेवतात. कागदावर एकदा उमटलेला पत्ता मागाहून दुरुस्त करता येत नाही.

चांगले उदाहरणही आपल्याकडेच आहे. बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे ‘रेझोनन्स’ हे विज्ञानशिक्षणाचे इंग्रजी मासिक जानेवारी १९९६ पासून निघते. त्याचे लेख अकादमीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. लेखाच्या पत्त्यात मासिकाचे संक्षिप्त नाव, खंड, अंक आणि पानांचे क्रमांक एवढेच असते. ‘क्लासरूम’ किंवा ‘थिंक इट ओव्हर’ या सदरांची नावे त्यात नसतात. सदर उद्या बंद झाले तरी लेखाचा पत्ता तोच राहू शकतो. खंड आणि अंक यांची जुनी छापील शिस्त येथे नव्या माध्यमाच्या कामी आली आहे.

रिकाम्या घरांचा उपयोग

तर आमचा निर्णय असा. जूमलाने छापील सदरांची नक्कल केली आणि त्यातून बाहेर पडायला तिला आठ वर्षे लागली. वर्डप्रेसने सर्व साधने दिली, पण शिस्त वापरणाऱ्यावर सोडली. ओपन जर्नल सिस्टिम्सने संपादकाची सोय उत्तम पाहिली, वाचकाची उशिरा. आज तिन्ही प्रणालींत चांगली मांडणी करता येते. ती आपोआप मात्र कुठेच होत नाही. मासिकाने चार गोष्टी आधी ठरवायला हव्यात: तारीख व अंक कायम दिसावेत, विषय-प्रकार-इयत्ता या याद्या वेगवेगळ्या असाव्यात, टॅगचे शब्द ठरलेले असावेत आणि पत्ता या सर्वांपासून स्वतंत्र असावा.

अशा मांडणीचा एक लाभ सहसा कोणी सांगत नाही. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये आवर्त सारणी मांडली तेव्हा काही घरे रिकामी सोडली. ती घरे पुढे गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) आणि जर्मेनियम (१८८६) यांनी भरली. मूलद्रव्यांची नुसती यादी केली असती तर काय उणे आहे ते कळलेच नसते. मासिकाचेही तसेच आहे. विषय एका बाजूला आणि प्रकार दुसऱ्या बाजूला लिहून तक्ता केला, की कोणती घरे ओसंडतात आणि कोणती रिकामी आहेत, ते संपादकाला दिसते.

शिक्षकांनी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे काम जरूर करून घ्यावे; त्यासाठी संगणकही लागत नाही. शाळेत येणाऱ्या कोणत्याही विज्ञान मासिकाचे १२ अंक घ्यावेत. प्रत्येक लेखासाठी एक कार्ड करून त्यावर शीर्षक, अंक, विषय, प्रकार आणि कोणत्या इयत्तेला उपयोगी, एवढे लिहावे. दोन गटांनी स्वतंत्रपणे कार्डे करावीत, मग ती ताडून पाहावीत. शब्द कुठे जुळले नाहीत, यावर वर्गात चर्चा घ्यावी. शेवटी फळ्यावर तक्ता काढून प्रत्येक घरात लेखांची संख्या लिहावी आणि रिकाम्या घरांची यादी त्या मासिकाच्या संपादकांना पाठवावी.